लहान ठेकेदारीचा धंदा : रोजची वही आणि आठवड्याचा पगार

ठेकेदार म्हटला की गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे, मोठी गाडी आणि साहेबांच्या केबिनमधली ऊठबस उभी राहते. प्रस्तुत लेख त्या ठेकेदाराविषयी नाही. चार गवंडी, सहा-आठ बिगारी, एक मिक्सर (तोही पुष्कळदा भाड्याचा) आणि एका वेळी दोन कामे, एवढ्यावर जो संसार चालवतो त्या लहान ठेकेदाराविषयी आम्ही लिहीत आहोत. रत्नागिरी जिल्ह्यात अशी कामे आम्ही बरीच वर्षे करीत आलो आहोत. वाडीची पाखाडी, वहाळावरचा साकव, शाळेची दुरुस्ती, संरक्षक भिंत, समाजमंदिराचे छप्पर आणि मुंबईच्या चाकरमान्याचे गावचे घर, हीच आमची कामे. डिप्लोमा झालेली किंवा गवंड्याच्या हाताखाली तयार झालेली आपली अनेक मुले आज याच वाटेने येऊ पाहत आहेत. त्यांना उपयोगी पडेल असे काही सांगावे, म्हणून हा प्रपंच.

हा धंदा तोट्याने बुडतो असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या पाहण्यात मात्र बहुतेक होतकरू तरुणांचे धंदे कागदावर नफा असताना बुडाले. हे चमत्कारिक वाटेल, म्हणून हिशेबच मांडून दाखवतो.

समजा, सरकारी कार्यालयाकडून ५ लाख रुपयांचे साकवाचे काम मिळाले. हा आकडा जीएसटी वगळून धरला आहे. माल, मजुरी, वाहतूक, डिझेल, सेंटरिंगचे भाडे असा सारा खर्च ४ लाख ५० हजार झाला. मुलगा खूश, ५० हजार सुटले! आता बिल निघते. त्यातून आयकराची कपात १ टक्का, म्हणजे ५ हजार. जीएसटीची कपात २ टक्के, म्हणजे १० हजार. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर १ टक्का, म्हणजे ५ हजार. सुरक्षा ठेव कामागणिक वेगवेगळी असते. आपण ५ टक्के धरू, म्हणजे २५ हजार. एकंदर ४५ हजार जागीच कापले गेले. हातात आले ४ लाख ५५ हजार. खर्च वजा जाता उरले फक्त ५ हजार रुपये.

यातला उपकर परत येत नाही, तो खर्चातच धरायचा. म्हणजे खरा नफा ४५ हजारांचा. पण त्यापैकी ४० हजार दुसऱ्याच्या कपाटात आहेत. आयकर व जीएसटीचे १५ हजार वेळेवर विवरणपत्र भरले तरच वळते होतात. ठेवीचे २५ हजार दोष दायित्व कालावधी संपल्यावर, अर्ज करून, दोन-चार फेऱ्या मारून मिळतात. दगड, खडी, वाळू, मुरूम यांच्या स्वामित्वधनाच्या पावत्या जोडल्या नाहीत तर तीही रक्कम बिलातून जाते, तेव्हा माल घेतानाच पावती मागून ठेवावी. बिलाबरोबर १८ टक्के जीएसटी येतो, तो तर आपला नसतोच. तो पैसा सरकारचा, आपल्या खात्यात चार दिवस पाहुणा. कित्येक मुले त्यालाच नफा समजून त्यातून मोटारसायकलीचा पहिला हप्ता भरतात.

शिवाय बिल कधी निघेल याचा नेम नाही. निधी आला नाही, हे उत्तर ऐकायची सवय ठेवावी लागते. २०२५ साली राज्यभरातल्या ठेकेदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर आल्या होत्या. मोठ्या ठेकेदाराला बँक उभी करते. आमच्यासारख्याला सिमेंटच्या दुकानदाराची उधारी, नाहीतर घरातले सोने. आणि याहून सोपी दिसणारी एक वाट असते. नव्या घराचे काम घ्यायचे, त्याची उचल घ्यायची आणि ती जुन्या साकवाच्या उधारीत घालायची. मग त्या घराच्या जोत्याला पैसे कमी पडले की तिसऱ्या कामाची उचल. आमच्या मते हा धंदा बुडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. एक दिवस चौथे काम मिळत नाही आणि तीन घरमालक एकाच वेळी दारात उभे राहतात. मुलाने एक पैसाही खाल्लेला नसतो, पण गावात त्याचे नाव लबाड म्हणून होते. एकदा नाव गेले की त्या पंचक्रोशीत पुन्हा कोणी ओटाही बांधायला देत नाही.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. हातातला प्रत्येक रुपया कोणत्या कामाचा, हे रोज संध्याकाळी लिहिले गेले पाहिजे. प्रत्येक कामाला वेगळी वही. घरखर्चाला वेगळी. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वापरावे लागले तर या वहीतून त्या वहीला उसने दिले म्हणून तारखेसह लिहावे, जणू दोन निराळी माणसे आहेत. असे लिहू लागले की हाताला आपोआप आळा बसतो. महिन्याला घरासाठी ठरावीक रक्कम घ्यावी, तिला पगार समजावे. ‘लागेल तसे घेऊ’ म्हणणाऱ्याला किती घेतले ते कधीच कळत नाही.

आता संध्याकाळच्या वहीविषयी थोडे विस्ताराने, कारण धंद्याचे शिक्षण तिथेच होते. काम सुटल्यावर, हातपाय धुण्याआधी, जागेवरच बसून पंधरा मिनिटे लिहावे. घरी जाऊन लिहू म्हटले की राहते. हजेरी कोणाची पूर्ण, कोणाची अर्धी, कोणाचा खाडा. माल किती आला, किती लागला, किती शिल्लक. आज प्रत्यक्ष काम किती झाले, तेही मापाने. ‘भिंत चढवली’ असे लिहिण्यात अर्थ नाही. किती लांब, किती उंच, किती रुंद ते लिहावे. तीन महिने असे लिहिले की आपले दोन गवंडी आणि तीन बिगारी दिवसाला चिऱ्याचे किती बांधकाम करतात, किती प्लॅस्टर करतात, हे आपल्याला आपल्या माणसांवरून कळते. पुढच्या कामाचा दर त्या आकड्यावरून काढावा. सरकारी दरसूची सर्वांना सारखीच मिळते. आपल्या माणसांच्या हाताचा वेग फक्त आपल्या वहीत असतो.

सरकारी कामात मोजमाप पुस्तकावर, म्हणजे एम.बी.वर नोंद होईल तेवढेच काम झाले असे धरतात. पायात गेलेले काम, स्लॅबखाली गेलेली सळई, मातीआड झालेले सोलिंग ही झाकली गेल्यावर कोणाला दिसत नाहीत. म्हणून झाकण्यापूर्वी शाखा अभियंत्यांना कळवावे, त्यांच्यासमोर माप घ्यावे, टेप दिसेल असा फोटो काढावा. कळवले ते लेखी कळवावे. ‘साहेब ओळखीचे आहेत’ हे पुरेसे नाही, कारण साहेबांची बदली होते आणि बिल नव्या साहेबांसमोर जाते.

माल मोजून घेण्याची लाज वाटता कामा नये. विद्यार्थी मित्रांना शाळेत शिकलेले गणित इथे कसे उपयोगी पडते ते पाहण्यासारखे आहे. वाळू, खडी ब्रासने येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. टेम्पोचा हौदा आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि माल २ फूट उंच भरलेला असेल तर बरोबर १ ब्रास. हीच उंची २ इंच कमी भरली तर ८ घनफुटांहून अधिक माल कमी आला, म्हणजे शंभराला आठ. ज्या धंद्यात शंभराला दहा सुटतात तिथे आठ कोणी टेम्पोतच नेले तर उरले काय? शिवाय ओलसर वाळू फुगते. कोरडीपेक्षा तिचे आकारमान २०-२५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. तेव्हा ओली वाळू घमेल्याने मोजून मिश्रण केले तर सिमेंट जास्त जाते. खाडीची वाळू असेल तर तिच्यातल्या क्षाराने सळई गंजते, ती आर.सी.सी.ला वापरू नये.

सळईचे वजन काट्याविना पडताळता येते. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, १६२ ने भागावे. आले ते एका मीटरचे किलोतले वजन. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरते, १२ मीटरची अख्खी सळई सुमारे १० किलो ६६० ग्रॅम. थोडा फरक मानकाने मान्य केलेला आहे, पण फार तफावत दिसली तर भारा उतरवण्याआधी बोलावे. उतरवून झाल्यावर बोलणे म्हणजे भांडण. चिऱ्याच्या बाबतीत नग मोजताना फुटके बाजूला काढावेत आणि खाणीतून ताजा काढलेला मऊ चिरा लगेच भिंतीत घालू नये. जांभा हवेवर राहिला की कडक होतो.

घरांच्या कामात निराळ्याच अडचणी येतात. चाकरमान्याचे घर म्हणजे मालक मुंबईला, म्हातारे आईवडील गावी आणि सूचना तिन्हीकडून. वडील म्हणतात पडवी वाढवा, मालक फोनवर म्हणतो कडाप्पा नको ग्रॅनाइट लावा, आणि आई म्हणते, “बाबा, जाता जाता तुळशीकडे एवढा ओटा करून टाक.” हा ‘जाता जाता’ शब्द फार महाग पडतो. सहा पोती सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी अशा ओट्यात जाते आणि शेवटच्या हिशेबाला त्याची आठवण कोणाला नसते. वडीलधाऱ्यांना नाही म्हणवत नाही, म्हणूही नये. मात्र त्याच संध्याकाळी मालकाला मोबाइलवर संदेश पाठवावा : आईंनी ओटा सांगितला आहे, माप इतके, खर्च अंदाजे इतका, होकार कळवावा. होकार आला की काम. पुष्कळदा मालकच म्हणतो, राहू द्या.

करारपत्र साध्या कागदावर असले तरी चालेल, पण असावे. त्यात कोणते काम, कोणता माल, कोणत्या टप्प्याला किती हप्ता हे स्पष्ट हवे. जोते, लिंटल, स्लॅब, प्लॅस्टर, शेवट असे टप्पे सोयीचे पडतात. हप्ता त्या टप्प्याच्या आरंभी घ्यावा आणि शेवटचा हप्ता होईल तेवढा लहान ठेवावा, कारण वास्तूचा कार्यक्रम होऊन पाहुणे जेवून गेले की मालकाला रंगातले डाग दिसू लागतात. भावकीतले, नात्यातले काम असेल तर आपण कागद करायला संकोचतो. आमचे मत उलट आहे. परक्याशी बिघडले तर एक गिऱ्हाईक जाते. भावकीत बिघडले तर लग्नकार्यात समोरासमोर बसायची पंचाईत होते. तेव्हा आपल्या माणसाचे काम असेल तर कागद अधिक नीट करावा.

दर सांगताना तो किती दिवसांसाठी हे सांगावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगडकडची छपरे उडाली आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणात पूर आला. अशा प्रसंगी पत्रे, कौले, सुतार, गवंडी सगळ्यांचीच ओढाताण होते, लोक पैसे घेऊन मागे लागतात. त्या वेळी दहा घरांची उचल घेणे सहज शक्य असते. पण माणसे आठच असतील तर दोन घरांपलीकडे शब्द देऊ नये. ज्याचे छप्पर गेले आहे त्याला आठ दिवसांनी येतो सांगून महिनाभर न जाणे ही साधी दिरंगाई नव्हे. त्याची मुले ताडपत्रीखाली बसलेली असतात.

आता मजुरांविषयी. आमच्या भागात गवंडी-बिगारी निम्मे स्थानिक, निम्मे उत्तर कर्नाटकातून, बिहारमधून आलेले. त्यांचा पगार आठवड्याला, आठवडा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी झालाच पाहिजे, मग बिल निघो न निघो. ज्याला हे जमत नाही त्याने काम घेऊ नये, इतके आम्ही स्पष्टच म्हणतो. काम सुरू करण्याआधी निदान चार आठवड्यांच्या पगाराची रक्कम बाजूला हवी. उचल दिली तर आपल्या वहीत लिहावी आणि मजुराच्या खिशातल्या लहान वहीतही लिहून द्यावी. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या मुलाकडून वाचून घेण्यास सांगावे. हिशेब दोन्हीकडे असला की संशयाला जागा राहत नाही. घमेली वाहणाऱ्या बायकांना गड्याइतकेच वजन उचलायला लावून हजेरी कमी द्यायची, ही रीत अजून चालते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व देशात १९७६ च्या कायद्याने घालून दिले. आपल्याच वाडीतल्या मावशी-काकूंच्या बाबतीत त्यासाठी कायद्याचा दाखला द्यावा लागावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

वर उपकराचे ५ हजार रुपये कापले गेल्याचे सांगितले. ते कोठे जातात हे फार थोड्या ठेकेदारांना ठाऊक असते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, त्याच साली उपकराचाही झाला, आणि त्या पैशावर राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. १८ ते ६० वर्षांच्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते. त्याच्या मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला मंडळाकडून साहाय्य मिळते. अट अशी, की मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला ठेकेदार देऊ शकतो. अनेक ठेकेदार सही करायला कचरतात. उद्या काही झाले तर अंगाशी येईल म्हणतात. काही जण उलट पैसे घेऊन कधी थापी न धरलेल्यांनाही दाखले देतात. ज्याचे हजेरी पुस्तक रोज लिहिलेले आहे त्याला दोन्हींची गरज नाही. नव्वद दिवस मोजावेत आणि सही करावी. बिगाऱ्याच्या मुलीचे कॉलेज त्या सहीवर अडलेले असू शकते. आपल्या बिलातून गेलेला पैसा आपल्याच माणसाच्या घरी पोचवण्याची ही एकमेव वाट आहे.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात. परांची रोज सकाळी आपण स्वतः हलवून पाहावी. पावसात खोल पाया उघडा ठेवू नये. स्लॅबचे टेकू काढण्याची घाई मालकही करतो आणि सेंटरिंगवालाही; त्याला भाड्यावर दुसरीकडे माल हवा असतो. आय.एस. ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे असतात. आज बहुतेक ठिकाणी पीपीसी सिमेंट वापरतात, त्याला आणखी थांबावे. तुळयांना याहूनही अधिक दिवस. पाणी मारायला माणूस नेमून द्यावा. ‘कोणीतरी मारेल’ म्हटले की कोणीच मारत नाही.

सरकारी कामे मिळवण्यासाठी नोंदणी, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठीचे कामवाटप, मजूर सहकारी संस्था या सोयी आहेत, त्यांची माहिती बांधकाम विभागात मिळते. इथे दोनच गोष्टींचा इशारा देतो. दर पाडून, वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घेण्याची चढाओढ लागलेली असते. ठरावीक मर्यादेखाली गेले की जादा ठेव भरावी लागते, म्हणजे नफा आधीच गेलेला आणि वर पैसाही अडकलेला. दुसरी गोष्ट परवान्याची. कोणाचा परवाना, कोणाचे काम, असा प्रकार सर्रास चालतो. पोटठेकेदार म्हणून आपला मुलगा घाम गाळतो, उधारी त्याच्या नावावर, आणि बिल मात्र परवानेवाल्याच्या खात्यात जमा होते. त्याने दोन महिने पैसे दिले नाहीत तर कोणत्या कागदावर मागणार? पोटठेकेदारी करायचीच तर लेखी करारावर आणि दर पंधरवड्याच्या मोजमापावर करावी. आपला परवानाही टक्केवारीवर कोणाला वापरू देऊ नये. काम खराब झाले तर काळ्या यादीत नाव परवान्याचे जाते.

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर बाहेरची कामे जवळजवळ बंद. म्हणजे बारा महिन्यांचे घर आठ महिन्यांच्या कमाईवर चालवायचे. आम्ही दर महिन्याच्या घरच्या पगारातून तिसरा हिस्सा पावसाळ्यासाठी वेगळा काढतो. मे महिन्यात नवे घर उकरायला घेत नाही. जे जोत्यावर असेल ते जोत्यावर नीट बंद करतो, जे छपरापर्यंत आले असेल ते छपराखाली घेतो, आणि उरलेले सिमेंट पावसापूर्वी संपवतो. ठेवावेच लागले तर फळ्यांवर, भिंतीपासून दूर. पावसाळ्यात आतल्या लाद्या, रंग, नळ यांची लहानसहान कामे घेतो, दोन गवंड्यांना तेवढ्यावर धरून ठेवता येते. ठेवींच्या अर्जांच्या फेऱ्याही याच दिवसांत मारतो. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा वर्षभराच्या वह्या, उरलेल्या मालाची यादी आणि आपल्या हाताचे दर तयार असतात. आरतीनंतर ओसरीवर बसून कोणी विचारले, “काय रे, आमच्या घराचे किती होतील?” तर आम्ही तिथे आकडा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन जातो.